खळ्यातला खांब

आज दुपारी एकच्या सुमारास रत्नागिरीच्या बाजारपेठेतल्या त्या बारमध्ये एकाएकी अंधारून आलं आणि टेबलाटेबलावरचे फोन बाहेर निघाले. मी कोपऱ्यातल्या नेहमीच्या टेबलावर बांगड्याची थाळी समोर घेऊन बसलो होतो. शेजारी कोर्टाच्या कामाला गावाहून आलेले चौघे, पलीकडे शर्टाच्या खिशात तीन-तीन पेनं लावलेले दोघे, दाराशी एकटाच बसलेला टोपीवाला म्हातारा. कुणी ग्लास खाली ठेवला, कुणी घास गालात सरकवला, आणि सगळे घरी एकच गोष्ट विचारू लागले. "भायर मिरच्या हायत काय गो?" "बियांवर कागद टाक आधी, मग बाकीचा बघ." म्हाताऱ्याला फोन कानाला नीट लावता येईना, पण तोही ओरडून लाकडांची चौकशी करत होता.

एप्रिलातला अवकाळी पाऊस इथे असा येतो. सकाळभर कातळ भाजत असतो, खळ्यात काजूच्या बिया, मिरच्या, फोडलेली लाकडं, पहिली आमसुलं वाळत पडलेली असतात. खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. कोकणात वर्षाची अर्धी तजवीज तिथेच उन्हात पसरलेली असते. मग समुद्राच्या बाजूने एक काळा पट्टा वर सरकतो आणि वाडीच्या वाडी खळ्यात धावते. जे धावू शकत नाहीत, शहरात कामाला आलेले, बारमध्ये बसलेले, ते फोनवरून धावतात.

मला खळं नाही. कराडला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे आणि गॅलरीत फार तर टॉवेल भिजेल. तरी या गावात आभाळ भरलं की माझी भूक जाते. सहा वर्षांपूर्वीचा असाच एक एप्रिल मला आठवतो, आणि त्या एप्रिलात मी जे लिहिलं आणि जे लिहिलं नाही, ते आठवतं. थाळीतला बांगडा मग तसाच थंड होतो. आजही झाला.

माझं काम यंत्रांचं. आमची कंपनी गावोगाव हवामानाची यंत्रं उभी करते. एक उंच खांब, त्यावर वारा मोजणारी फिरकी, ऊन-दमटपणा मोजणारा पांढरा डबा, शेजारी पाऊस मोजणारं नळकांडं आणि सगळ्याभोवती जाळीचं कुंपण. त्यातले आकडे पाहून आंब्याच्या विम्याची भरपाई ठरते. अवकाळी पाऊस पडला, असं यंत्र म्हणालं तर पडला. यंत्र नाही म्हणालं तर, बागायतदार त्या पावसात उभा राहून भिजलेला असला तरी, पडला नाही. माणसापेक्षा खांबाच्या शब्दाला किंमत आहे, असं मी पूर्वी गमतीने म्हणत असे. आता म्हणत नाही.

वर्षातून तीन-चार वेळा मी कराडहून निघतो, कुंभार्ली घाट उतरतो, पोफळीच्या वसाहतीपाशी चहा घेतो आणि जिल्ह्यातले खांब तपासत फिरतो. मुक्काम रत्नागिरीत, स्टँडजवळच्या लॉजवर. फिरतीच्या नोकरीत माणूस हळूहळू चार-पाच जागांपुरता उरतो. लॉजवरची ती कागदातली साबणाची वडी, तीच खिडकी, जेवायचं तेच ठिकाण. माझं जेवायचं ठिकाण हा बार. खरं तर मी पिणारा नाही, महिन्यातून कधी एखादी बिअर. पण बाजारात यांच्यासारखी मासळी दुसरीकडे मिळत नाही, आणि दुपारी इथे पिणाऱ्यांपेक्षा जेवणारेच जास्त असतात. भिंतीवर विकत आणलेला समुद्राचा मोठा फोटो आहे, खरा समुद्र मैलभरही लांब नाही. काउंटरवर गणपतीपुढे लाल दिवा, बाटल्यांच्या मागे आरसा, आणि सगळ्यावर तळलेल्या मांदेलीचा, फिनाइलचा आणि भिजलेल्या पुठ्ठ्यांचा मिळून एक वास. दत्ता नावाचा वेटर आहे, लांज्याकडचा, माझ्याच वयाचा. मी पहिल्यांदा सोलकढीत भात कालवला तेव्हा त्याने सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, "घाटावरचे काय?" तेव्हापासून आमची ओळख.

आणि इथेच माझ्या समोरच्या खुर्चीवर अनंत शिगवण बसायचे.

आरे-वारेच्या अलीकडे, सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, एका वाडीत त्यांचं घर. ऐन उमेदीची वर्षं मुंबईत एका छापखान्यात काढून ते परत आले होते आणि वडिलांची हापूसची बाग बघत होते. त्या एप्रिलाच्या आधीच्या डिसेंबरात आमच्या नव्या खांबाला त्या भागात जागा हवी होती. आजूबाजूला झाड नको, घर जवळ हवं, राखायला माणूस हवं. शिगवणांच्या खळ्याची कडा अगदी मापात बसली. त्यांनी जागा दिली तेव्हा वाडीतले सात-आठ जण बघायला जमले होते. बागांना मोहोर नुकताच धरला होता, त्याच्या वासाने डोकं जड होत होतं, आणि मी शिडीवर चढून फिरकी बसवत होतो. खाली लोक खांबाला नाव ठेवत होते. शेवटी विम्याचा खांब हे नाव पडलं. सगळ्या वाडीचा आंबा आता या खांबावर, असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

शिगवणांच्या पत्नी, सुनंदावहिनी, पडवीत उभ्या होत्या. मी उतरल्यावर त्यांनी पाणी आणून दिलं आणि विचारलं की हा खांब करतो काय. मी म्हटलं, हवामानाचं आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणजे काय करतो? मी तोंड पुसत त्यांच्या नवऱ्याकडे बघून म्हणालो की सावकाश सांगतो, फार मोठं काही नाही. एवढ्यात माझी नजर तुळशीजवळच्या पाण्याच्या पाइपाकडे गेली. त्या पाइपाने दारातली फुलझाडं शिंपताना नळकांड्यात पाणी उडालं तर यंत्र त्याला पाऊस समजेल, ही आमची नेहमीची धास्ती. म्हणून मी जरा जोरात म्हटलं, "वहिनी, एवढं सांभाळा. याच्यावर पाणी पडू देऊ नका." त्या म्हणाल्या, नाय पडू देनार. त्यांना मी सांगितलेलं एवढंच.

बाकीचं सगळं इथे सांगितलं, या टेबलावर. शिगवण माझ्याबरोबर जीपमधून बाजारात आले होते. जेवायला बसलो. त्यांनी एक छोटा पेग मागवला. ग्लास हातात घेतला की ते आधी अनामिका बुडवून तीन थेंब जमिनीवर उडवायचे, बाग राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या नावाने, आणि मगच ओठाला लावायचे. मी त्यांना कागदी रुमालावर चित्र काढून दाखवलं. वर नरसाळं. त्याखाली सी-सॉसारखी पट्टी, दोन टोकांना दोन इवल्या वाट्या. एका वाटीत पाणी भरलं की ती कलंडते, दुसरी वर येते, प्रत्येक कलंडणं मोजलं जातं, आणि तो आकडा आपोआप लांब कुठेतरी जाऊन पोचतो. शिगवणांना फार आवडलं. छापखान्यातला माणूस, यंत्र म्हटलं की डोळे चमकायचे. रुमाल घडी करून त्यांनी खिशात ठेवला. दत्तानेही वाकून बघितलं, शेजारच्या टेबलावरच्या दोघांनीही. त्या दुपारी पाऊस कसा मोजतात हे बारमधल्या चार पुरुषांना कळलं. ज्या बाईच्या खळ्यात खांब उभा होता तिला कळलं नाही.

माझ्याजवळ एक छापील कागद होता. त्यावर एक ओळ होती: घरातील सर्व प्रौढ व्यक्तींना यंत्राची माहिती दिली. मी बडीशेप चघळत तिच्यापुढे बरोबरची खूण केली आणि शिगवणांची सही घेतली.

एप्रिलच्या मध्याला तो पाऊस झाला. तासभरच, पण बोरांएवढे थेंब. आंबा अंड्याएवढा झाला होता, त्यावर पाणी बसलं आणि पुढच्या आठ दिवसांत करपा रोगाचे काळे ठिपके दिसू लागले. आजूबाजूच्या सगळ्या खांबांनी पाऊस कळवला. शिगवणांच्या खांबाने कळवलं शून्य. आणि त्या पट्ट्यातल्या चार-पाच वाड्या त्या एका खांबाशी बांधलेल्या.

मला तातडीने पाठवलं. मी आलो तेव्हा खळ्यात वाडी जमलेली होती. कुणी भांडायला आलेलं नव्हतं, हेच मला जड गेलं. शांतपणे बसले होते, सायेब आता मशिन बघतील, म्हणून. मी बाटलीत पाणी मोजून घेतलं, नरसाळ्यात सोडलं. वाट्या टकटक कलंडल्या. आकडा बरोबर. पुन्हा सोडलं, पुन्हा बरोबर. कचरा नाही, मुंग्या नाहीत, कोळ्याचं जाळं नाही. दमटपणाच्या नोंदीत तर त्या तासाची उडी स्वच्छ दिसत होती. हवा ओली झालेली यंत्राला कळली होती, पाऊस मात्र कळला नव्हता. मी घामाने निथळत होतो. सुनंदावहिनी प्रत्येकाला कोकम सरबत देत होत्या, आणि मला देताना हलक्या आवाजात म्हणाल्या की खांबाला काय झाला नाय ना? त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. लपवण्यासारखं काही नव्हतं.

शिगवण म्हणाले, चला, मीपण बाजारात येतो. इथे आल्यावर त्यांनी नेहमीसारखा पेग मागवला, तीन थेंब उडवले, आणि ग्लास बाजूला सरकवून ठेवला.

"सायेब, त्या दिवशी खांब झाकलेला व्हता," ते म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी खालमानेने सगळं सांगितलं. आभाळ भरून आलं तेव्हा ते बागेत होते. वहिनी घरात एकट्या. त्यांनी मिरच्या उचलल्या, बिया पाटीत भरल्या, लाकडांवर प्लास्टिकचा कागद टाकला. आणि मग त्यांना खांब दिसला, उघडा.

"खताची मोकळी गोणी घातलान, वरनं सुतळी बांधलान. पाऊस गेल्यावर सोडलान. संध्याकाळी माला सांगितलान, मिरच्यांच्या आधी खांब झाकला, म्हणून. खूश व्हती. सगळ्या वाडीचा आंबा त्याच्यावर हाय, असा मीच तिला बोललेलो ना." मग टेबलावरचा पाण्याचा डाग बोटाने पुसत ते म्हणाले, "तिला अजून म्हायती नाय काय झाला ता. तिला कळता नये, सायेब. ती नाय सहन करायची."

इतर कुठल्या मुलखात हे झालं असतं असं मला वाटत नाही. आमच्याकडे, घाटावर, अवकाळी आला तर बाई दोरीवरचे कपडे काढून घेईल आणि दार लावेल. इथे आभाळ काळं झालं की जे जे आपलं म्हणून उघड्यावर आहे ते झाकायचं, हे हाडात मुरलेलं. त्यांनी तो खांब आपल्यातला मानला होता. आणि मी त्यांना सांगितलं होतं की याच्यावर पाणी पडू देऊ नका.

हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण नंतर अनेक वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की तेव्हा गोंधळ होता, ऊन होतं, वरून फोन येत होते. फोन खरंच आला होता. आमचे वरिष्ठ म्हणाले, यंत्र चालतंय ना, मग झालं, कारण भरून पाठवून द्या. पण गोंधळ नव्हता. मला सगळं कळलं होतं.

शिगवण निघून गेले. ग्लास तसाच. मी मोबाइलवर अहवाल उघडला. शून्याचं कारण निवडायचं होतं. पहिला पर्याय यंत्रातील दोष, दुसरा बाह्य अडथळा, तिसरा कारण निश्चित नाही. दुसरा निवडून खाली खरं लिहिलं असतं, गोणी कुणी घातली आणि का घातली ते, तर त्या दिवसाची नोंद बाद होऊन शेजारच्या खांबाचा पाऊस धरायची वाट नियमात होती. खात्री नव्हती, पण वाट होती. मात्र मग कुणीतरी विचारलं असतं की घरातल्या बाईला माहिती दिली होती ना? कागद निघाला असता. त्यावरची माझी खूण निघाली असती.

मी तिसरा पर्याय निवडला. कारण निश्चित नाही. मनाशी म्हटलं, शिगवणांनी विनवलं आहे, त्यांच्या बायकोचं नाव येऊ द्यायचं नाही. कुणाला तरी वाचवतो आहोत असं वाटलं की स्वतःला वाचवणं किती सोपं जातं. दत्ताने येऊन विचारलं की मासा गरम करून आणू का. मी हो म्हटलं आणि जेवलोसुद्धा.

शून्य कायम राहिलं, त्या चार-पाच वाड्यांना भरपाई मिळाली नाही. मे महिन्यात मी पुन्हा गेलो तेव्हा शिगवणांनी माझे दोन्ही हात धरले. तिचं नाव आलं नाही, तुमचे उपकार, असं म्हणाले. जाताना पिशवीत वीस-पंचवीस आंबे घातले, डाग नसलेले निवडून. डाग नसलेले त्या वर्षी त्यांच्याकडे किती उरले असतील याचा विचार मला घाट चढताना आला. घरी मुलांनी ते खाल्ले. मला एकही गिळता आला नाही, तेव्हा बायकोने विचारलं, आणि मी पित्त झालंय म्हणालो.

पुढच्या वर्षी गावकऱ्यांनी अर्ज करून खांब शाळेच्या मैदानात हलवून घेतला. कारण कुणी बोललं नाही. मीच माणसं घेऊन गेलो होतो. खळ्याच्या कडेला सिमेंटचा चौथरा तेवढा राहिला. शिगवण त्या दिवशी बागेत होते, वहिनी घरात होत्या, बाहेर आल्या नाहीत. त्यानंतर शिगवण माझ्याबरोबर बाजारात यायचे बंद झाले. कधी लग्न असे, कधी फवारणी. समोरच्या खुर्चीवर मी माझी अवजारांची पेटी ठेवू लागलो.

काय झालं ते मला दत्ताकडून कळलं. त्याची मावसबहीण त्याच भागात दिलेली. गोणी बांधताना शेजारच्या घरातून कुणीतरी पाहिलं होतं. तेव्हा बघणारीलाही त्याचा अर्थ कळला नव्हता, तिनेही आपल्या बिया उचलण्याच्या गडबडीतच पाहिलं होतं. महिन्या-दोन महिन्यांनी पुरुषांच्या बोलण्यातून तिने दोन आणि दोन जोडले. कुणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त लावणीच्या दिवसांत वाडीतल्या बायका एकमेकींच्या शेतात जातात, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, त्यात सुनंदावहिनींना हाक येईनाशी झाली. त्यांच्या शेतात लावायला शिगवण आणि त्या, दोघंच. दत्ता हे सांगताना प्लेटा उचलत होता आणि शेवटी म्हणाला की बाईच्या जातीला काय कळतंय यंत्रातलं, चुकली बिचारी. तो त्या दिवशी माझ्या रुमालावरचं चित्र वाकून बघत होता.

मी एप्रिलाला भिऊ लागलो. ऑफिसात फिरतीच्या वाटण्या होतात तेव्हा मी दोनदा सोलापूरकडचा भाग मागून घेतला. तिकडे आभाळ मोकळं असतं आणि माणसं खांबापासून लांब असतात. पण बोरांएवढे थेंब पाहिले की कुठेही असलो तरी एक खताची गोणी आणि सुतळी डोळ्यांपुढे येते. तिने गाठ नीट मारली असेल, वाऱ्याने उडू नये म्हणून. ओल्या पदराने मग हात पुसले असतील. चांगलं काम झाल्यावर माणूस जसा क्षणभर उभा राहून बघतो तशी बघत राहिली असेल.

गेल्या एप्रिलात ती दोघं मला बाजारात भेटली. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी मला आधी ओळखलं. दुपार झाली होती, गावाकडची एसटी अडीचला होती. मी जेवायला चला म्हटलं आणि पावलं सवयीने इकडेच वळली. दारावरची बारची पाटी दिसल्यावर शिगवण थबकले. दत्ता पुढे झाला, बाजूच्या जिन्याने वरच्या फॅमिली रूममध्ये घेऊन गेला. लाकडी फळ्यांच्या खोल्या, त्यांना पडदे, आणि आत कायम ट्यूबलाइट. वहिनी खुर्चीच्या कडेवर बसल्या. त्यांनी भात आणि सोलकढी घेतली, मासा नको म्हणाल्या, पथ्य आहे.

शिगवण पावसाबद्दल, फवारणीबद्दल, एसटीच्या वेळेबद्दल बोलत होते. वहिनी थांबल्या. हात ताटातच.

"सायेब, तो खांब काय करायचा, ता माला कोणी सांगितलाच नाय," त्या म्हणाल्या.

शिगवण त्यांना गप्प करायला गेले. मी त्यांना थांबवलं. मी सोलकढीची वाटी घेतली, दोन चमचे मागवले, एक पेन आडवं ठेवून त्यावर ते तोलले. थोडी सोलकढी सोडली. चमचा कलंडला, टेबलावर गुलाबी डाग पडला. असं एकदा झालं की एक मोजायचं, म्हटलं. वरून पाऊस पडला पाहिजे, तरच. त्या एका डोळ्याने नीट वाकून बघत होत्या. मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः करून पाहिलं, आणि त्यांचा चमचा माझ्यापेक्षा सफाईने कलंडला.

"येवढाच?" त्या म्हणाल्या.

एवढंच. पाच मिनिटं लागली. डिसेंबरातल्या त्या सकाळी पाणी पिता पिता सांगून झालं असतं. त्यांनी चमचा ताटात ठेवला. मग विचारलं की तुम्ही सांगितलंत तसंच मी केलं, तर माझं चुकलं काय? मी म्हटलं, नाही वहिनी, तुमचं काहीच चुकलं नाही. चूक माझी होती. मी तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि नंतर ते लिहायलाही हवं होतं. शिगवण माझ्याकडे बघतच राहिले. मी लिहिलं नाही ते त्यांच्या भल्यासाठी, असंच ते इतकी वर्षं धरून चालले होते.

वहिनींनी हात धुतले, पदराला पुसले.

"मग ता आमच्या वाडीत येऊन सांगा," त्या म्हणाल्या.

मी येतो म्हणालो. त्याला आज एक वर्ष होत आलं. दसऱ्याला जाणार होतो, तेव्हा ऑफिसचं काम निघालं. होळीला सगळे चाकरमानी गावात असतात, तेव्हा जावं असं ठरवलं, मग वाटलं की इतक्या लोकांपुढे नको. खरं कारण मला माहीत आहे. वाडीपुढे सांगायचं तर नुसतं चूक झाली सांगून भागणार नाही. त्या वर्षी वाट होती आणि मी ती बंद केली, हे सांगावं लागेल. कुणी विचारेल की आता काय उपयोग. कुणी कंपनीला कळवेल. नोकरीची माझी आठ वर्षं उरली आहेत. हे सगळं मी परवापासून लॉजच्या खोलीत मोजत बसलो होतो आणि आज सकाळी शाळेतला खांब न तपासताच दुसऱ्या बाजूचे तीन तपासून आलो.

आणि आता बाहेर अंधारून आलं आहे, पहिले थेंबही पडू लागले आहेत. कोर्टाचे चौघे फोन ठेवून पुन्हा ग्लासांकडे वळले आहेत. म्हाताऱ्याची लाकडं झाकून झाली असावीत, तो निवांत शेंगदाणे सोलतो आहे. घरी फोन करायचा राहिलेला या बारमध्ये मी एकटाच.

मी शिगवणांचा नंबर लावला. उचलला वहिनींनी. धापा टाकत होत्या, मागे बायकांचे आवाज, पत्रा सरकवल्याचा आवाज, कुणीतरी कुणाच्या तरी नावाने हाका मारत होतं. हे बागेत गेलेत, म्हणाल्या. मी माझं नाव सांगितलं. मी म्हटलं, वहिनी, मी रत्नागिरीत आहे, यायचं म्हणतो आहे. पाऊस थांबला की संध्याकाळी येऊ का?

त्यांनी आधी मागे कुणाला तरी कागद ओढायला सांगितलं.

"संध्याकाळी कशाला? आत्ताच या," त्या म्हणाल्या. "पाऊस आला म्हंजे वाडी सगळी भायर असते."

फोन बंद झाला. मी जीपची किल्ली घेतली. दत्ता सोलकढीचा ग्लास घेऊन येत होता, अशा पावसात कुठे निघालात, पुन्हा यंत्र बिघडलं काय, म्हणाला. मी म्हटलं, यंत्र तेव्हाही बिघडलं नव्हतं, दत्ता, चुकलो होतो मी. त्याला काही कळलं नाही, ग्लास हातात धरून तो तसाच उभा राहिला. त्याला नीट सांगायला हवं होतं, पण मी बसलो नाही. या टेबलावर सांगून पुष्कळ झालं होतं.